कामगार, कर्मचारी, सेविका की पार्टनर? नेमणूकपत्रातल्या एका शब्दानं काय काय बदलतं

मास कॉमची डिग्री घेतल्यावर मला पहिलं काम मिळालं तेव्हा घरी पेढे आणले होते. सकाळी दहा ते संध्याकाळी सात ऑफिसात बसायचं, सुट्टी हवी असेल तर साहेबांना विचारायचं, बातमी चुकली की बोलणी खायची. म्हणजे नोकरीच. पण हातात पडलेल्या पत्रात 'नोकरी' हा शब्दच नव्हता. माझ्या नावापुढे लिहिलं होतं 'रिटेनर', आणि महिन्याच्या पैशांना म्हटलं होतं 'व्यावसायिक शुल्क'. दहा टक्के टीडीएस कापून ते खात्यात जमा व्हायचे. पीएफ नाही, भरपगारी रजा नाही. टायफॉइड झाला त्या महिन्यात दहा दिवसांचे पैसे गेले. विचारलं तर उत्तर आलं, "तू आमची एम्प्लॉयी नाहीयेस."

मग मी होते कोण?

हा प्रश्न फक्त माझा नाही. अंगणवाडीत काम करणारी 'सेविका', घरी जेवण आणून देणारा 'डिलिव्हरी पार्टनर', कंपनीत मशीन चालवणारा 'शिकाऊ उमेदवार', शाळेतला 'शिक्षणसेवक', बँकेच्या दारावरचा 'आउटसोर्स' सुरक्षारक्षक. हे सगळे रोज कुठल्या ना कुठल्या संस्थेसाठी काम करतात. पण त्यांना काय म्हणायचं, यावर त्यांची रजा, पीएफ, ग्रॅच्युइटी आणि काढून टाकलं तर दाद मागण्याचा हक्क अवलंबून असतो. म्हणून हे शब्द एकदा नीट समजून घेऊ.

हे शब्द आले कुठून?

'नोकर' हा शब्द मराठीत फारसीतून आला. फारसीत तो मंगोल भाषेतून आला आणि तिथे त्याचा अर्थ होता सोबती, सरदाराचा साथीदार. मराठीत मात्र या शब्दाची गंमत झाली. 'नोकरी लागली' म्हटलं की अभिनंदन होतं, पण त्याच माणसाला 'नोकर' म्हटलं तर भांडण होईल. नोकरीची प्रतिष्ठा वाढत गेली आणि नोकर हा शब्द घरकाम करणाऱ्यापुरता उरला.

'मजूर' हा फारसी 'मझदूर'चा मराठी अवतार. 'कारकून' म्हणजे फारसीत अक्षरशः 'काम करणारा'. 'शिपाई' मूळचा सैनिक, तो ऑफिसात येऊन फायली नेऊ लागला. 'हमाल' आणि 'मुकादम' हे अरबीतून आले. 'कामगार'मधलं 'काम' आपलं आणि 'गार' हा प्रत्यय फारसी, 'गुन्हेगार'मध्ये दिसतो तोच. 'कर्मचारी' आणि 'अधिकारी' संस्कृत घडणीचे.

आणि या सगळ्यांना महिन्याला मिळतो तो 'पगार' पोर्तुगिजांकडून आलेला आहे. पोर्तुगीज भाषेत 'पगार' म्हणजे पैसे चुकते करणे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. मराठीत माणसाचं नाव बदललं की त्याच्या पैशांचंही नाव बदलतं. मजुराला मजुरी, कर्मचाऱ्याला पगार किंवा वेतन, सेविकेला मानधन, शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन, पार्टनरला 'पे-आउट' आणि रिटेनरला शुल्क. तुम्हाला मिळणाऱ्या पैशांना पत्रात काय म्हटलंय हे पाहिलं, की संस्था तुम्हाला काय समजते ते कळतं.

कामगार आणि कर्मचारी यांत फरक काय?

बोलताना आपण हा फरक कामाच्या जागेवरून करतो. गिरणी कामगार, सफाई कामगार, बांधकाम कामगार, पण बँक कर्मचारी, सरकारी कर्मचारी, आयटी कर्मचारी. हाताला काळं लागतं तो कामगार आणि खुर्चीत बसतो तो कर्मचारी, असा आपला समज. कायदा मात्र असा विचार करत नाही.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'कामगार' कोण याची व्याख्या होती. आता तिची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० नं घेतली आहे. ही संहिता इतर तीन कामगार संहितांसोबत २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात दोन वेगळे शब्द आहेत. 'कर्मचारी' ही मोठी टोपली. तिच्यात व्यवस्थापकही येतात. 'कामगार' ही तिच्या आतली छोटी टोपली. अंगमेहनतीचं, कुशल, अकुशल, तांत्रिक किंवा कारकुनी काम करणारे तिच्यात येतात. म्हणजे प्रत्येक कामगार हा कर्मचारी असतो, पण प्रत्येक कर्मचारी कामगार नसतो.

कामगार या टोपलीतून बाहेर कोण? व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे. शिवाय देखरेखीचं काम करणारे, पण ज्यांचं वेतन महिन्याला १८,००० रुपयांपेक्षा जास्त आहे असे. जुन्या कायद्यात ही मर्यादा १०,००० होती.

इथे अनेकांचा गोंधळ होतो. 'माझा पगार १८ हजारांच्या वर आहे, म्हणजे मी कामगार नाही' असं बरेच जण समजतात. ते चूक आहे. ही मर्यादा फक्त देखरेखीचं काम करणाऱ्यांना आहे. तुम्ही कुणावर देखरेख करत नसाल आणि तांत्रिक किंवा कारकुनी काम करत असाल, तर पगाराचा आकडा मोठा आहे एवढ्यावरून तुम्ही या व्याख्येतून बाहेर जात नाही.

फरक पडतो कुठे? एक वर्ष सलग काम झालेल्या कामगाराला कपात म्हणून काढायचं तर एक महिन्याची नोटीस द्यावी लागते, आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. बेकायदा काढलं तर तो औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. मॅनेजर मात्र या संरक्षणात येत नाही. त्याला मुख्यतः आपल्या करारावरच विसंबावं लागतं.

म्हणूनच काही ठिकाणी उदार मनानं पदं वाटली जातात. हाताखाली कुणी नाही, रजा मंजूर करायचा अधिकार नाही, पण पद 'असिस्टंट मॅनेजर'. दिलासा एवढाच, की न्यायालयांनी वर्षानुवर्षं एक तत्त्व पाळलंय: पदाचं नाव पाहायचं नाही, माणूस प्रत्यक्षात प्रामुख्यानं काय काम करतो ते पाहायचं.

शिक्षक कामगार आहेत का?

एक शब्द किती लांब नेतो, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण शिक्षकांचं आहे.

गोव्यातल्या एका शाळेनं एका शिक्षिकेला कामावरून काढलं. तिनं औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८८ मध्ये निकाल लागला. न्यायालय म्हणालं, शाळा हा 'उद्योग' आहे, पण शिक्षक 'कामगार' नाहीत. शिकवणं हे अंगमेहनतीचं काम नाही, कारकुनी नाही, तांत्रिकही नाही. म्हणजे त्याच शाळेतला क्लार्क कामगार ठरू शकतो, पण वर्गात शिकवणाऱ्या बाई नाहीत.

पुढचा अंक ग्रॅच्युइटीचा. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यातही 'कर्मचारी' कोण हे सांगताना कामाचे असेच प्रकार मोजले होते. ३ एप्रिल १९९७ रोजी सरकारनं हा कायदा शैक्षणिक संस्थांना लागू केला. शिक्षकांना वाटलं, आता आपल्यालाही मिळणार. पण २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्याख्या वाचली आणि सांगितलं की त्या यादीत शिकवण्याचं काम बसत नाही. शिक्षकांना द्यायची असेल तर संसदेनं कायदा बदलावा.

संसदेनं तो २००९ मध्ये बदलला. व्याख्येतली कामाच्या प्रकारांची यादी गेली आणि 'कुठल्याही प्रकारचं काम' असा अर्थ आला. हा बदल मागच्या तारखेपासून, म्हणजे ३ एप्रिल १९९७ पासून लागू केला. खासगी शाळांनी त्याला आव्हान दिलं, पण २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल योग्य ठरवला.

१९९७ ते २०२२. पंचवीस वर्षं. वाद एवढाच होता, की शिक्षकांना 'कर्मचारी' म्हणायचं की नाही. दरम्यान किती शिक्षक निवृत्त झाले असतील याचा विचार करा.

'सेवक' आणि 'मानधन' म्हटलं की काय होतं?

महाराष्ट्रात २००० पासून 'शिक्षणसेवक' योजना आली. नव्यानं लागलेल्या शिक्षकानं पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काम करायचं. काम शिक्षकाचंच, वर्गही तोच, पण नाव सेवक आणि पैशांचं नाव मानधन. २०२३ मध्ये राज्य सरकारनं हे मानधन वाढवलं तेव्हा प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिन्याला ६,००० ऐवजी १६,००० रुपये मिळू लागले. आधीचा आकडा पुन्हा एकदा वाचा. डी.एड. करून, परीक्षा देऊन वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाला महिन्याला सहा हजार मिळत होते, आणि त्याला पगार न म्हणता मानधन म्हणत होते.

अंगणवाडीचंही तसंच. एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ मध्ये सुरू झाली. अंगणवाडीत काम करणाऱ्या दोघी जणी, एक सेविका आणि एक मदतनीस. लहान मुलांचा आहार, वजनाच्या नोंदी, गरोदर बायकांची माहिती, पूर्वप्राथमिक शिक्षण, वर सर्वेक्षणं आणि मोबाइल ॲपवर नोंदी. तरीही सरकारी भूमिका अशी, की या मानधनावर काम करतात, त्यामुळे सरकारी कर्मचारी नाहीत.

एप्रिल २०२२ मध्ये गुजरातमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठानं महत्त्वाचा निकाल दिला. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत आणि त्यांना मिळणारं मानधन हे त्या कायद्यापुरतं 'वेतन'च आहे, असं न्यायालयानं म्हटलं. त्यामुळे त्या सरकारी कर्मचारी झाल्या नाहीत. पण 'मानधन' हा शब्द लिहिला म्हणून ग्रॅच्युइटी नाकारता येत नाही, हे स्पष्ट झालं.

'आशा' ताईंचं नाव तर आणखी एक पायरी पुढे आहे. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि गावोगावी आशा नेमल्या गेल्या. मराठीत त्यांना अधिकृतपणे 'आशा स्वयंसेविका' म्हणतात. स्वयंसेविका म्हणजे स्वतःच्या इच्छेनं सेवा करणारी. म्हणून पगार नाही, कामागणिक मोबदला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा ग्लोबल हेल्थ लीडर्स पुरस्कारानं गौरव केला. सगळीकडे अभिनंदनाच्या पोस्ट फिरल्या. त्यानंतरही आशांचे मोर्चे निघत राहिले, आणि त्यांच्या घोषणांमध्ये एक मागणी कायम असते: आम्हाला कर्मचारी म्हणा.

'सरकारी' हा शब्द एवढा का हवा असतो?

२०२१-२२ मधला एसटीचा संप आठवतो? २०२१ च्या दिवाळीच्या आसपास तो पेटला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चालला. पगारवाढीची मागणी होतीच, पण सगळ्यात मोठा शब्द होता 'विलीनीकरण'.

ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक हे एसटी महामंडळाचे कर्मचारी. महामंडळ राज्य सरकारचंच असलं तरी कायद्यानं ती वेगळी संस्था आहे. त्यामुळे त्यांचा पगार महामंडळाच्या तिजोरीशी बांधलेला, आणि ती तिजोरी तोट्यात. आम्हाला 'राज्य शासनाचे कर्मचारी' म्हणा, म्हणजे सरकारी वेतनश्रेणी आणि वेळेवर पगार मिळेल, अशी मागणी होती. विलीनीकरण झालं नाही. बाहेरून पाहताना अनेकांना प्रश्न पडला होता की एका शब्दासाठी एवढं का ताणतायत. आता लक्षात आलं असेल.

सरकारच्या आतही पायऱ्या आहेतच. पूर्वी वर्ग १ ते वर्ग ४ म्हणायचे, आता गट अ, ब, क, ड म्हणतात. वरच्या गटांतले राजपत्रित ते 'अधिकारी' आणि खालचे 'कर्मचारी', अशी बोलण्यातली विभागणी. कायद्याच्या नजरेत मात्र लाच घेतली तर दोघेही सारखेच 'लोकसेवक'.

बदली, हंगामी, कंत्राटी: कायमच्या शेजारी बसणारे शब्द

गिरणगावात 'बदली' हा शब्द घराघरात माहीत होता. कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी घ्यायचा तो बदली कामगार. सकाळी गिरणीच्या दारात जाऊन उभं राहायचं, काम मिळालं तर मिळालं, नाहीतर घरी परत. काही जणांची वर्षानुवर्षं बदलीतच गेली. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा बदली कामगारांना कायम करा ही मागण्यांमधली एक मागणी होती.

कायद्यातही बदली कामगाराची व्याख्या होती: हजेरीपटावर नाव असलेल्या दुसऱ्या कामगाराच्या जागी काम करणारा. पण पुढे असंही म्हटलं होतं, की एक वर्ष सलग काम झालं की त्याला बदली मानायचं नाही. सलग वर्ष म्हणजे साधारणपणे वर्षात २४० दिवस काम. महाराष्ट्रातल्या एमआयडीसींमध्ये हा २४० चा आकडा सगळ्यांना पाठ असतो, कारण तो पूर्ण होऊ नये म्हणून मध्येच 'ब्रेक' देण्याची जुनी पद्धत आहे.

'कंत्राटी'चं गणित वेगळं. काम एका कंपनीत, पण पगार ठेकेदार देतो. कायद्यात त्या कंपनीला 'मूळ मालक' म्हणतात. ठेकेदारानं पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. हे अनेक कंत्राटी कामगारांना माहीतच नसतं. पीएफच्या १९५२ च्या कायद्यातही ठेकेदारामार्फत लावलेला माणूस 'कर्मचारी' या व्याख्येत धरलेला आहे. त्यामुळे 'तू आमचा नाहीस, ठेकेदाराचा आहेस' एवढं सांगून विषय संपत नाही.

सगळ्यात बोलका शब्द साखर पट्ट्यात आहे. ऊसतोडीला बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून जोडपी जातात. मुकादम त्यांना आधी 'उचल' देतो आणि हिशोब धरला जातो 'कोयत्या'चा. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. दोन माणसं, पण मोजणीत एक हत्यार. ऊस कारखान्याला जातो, पण तोडणारे कारखान्याच्या हजेरीपटावर नसतात. आणि बायकोची मजुरी नवऱ्याच्या हिशोबात मिसळून जाते, कारण तिच्यासाठी वेगळा शब्दच नाही.

एका शब्दानं हक्क मिळवून दिले, त्याची गोष्ट

सगळं निराशाजनक नाही. 'माथाडी' हा शब्द पाहा. माथ्यावर ओझं वाहणारा तो माथाडी. बाजार समित्या, गोदामं, रेल्वे यार्ड, गोदी इथे हे लोक काम करायचे. आज एका व्यापाऱ्याकडे, उद्या दुसऱ्याकडे. मालक ठरलेला नसल्यामुळे कुणीच त्यांना 'आमचा कामगार' म्हणत नव्हतं.

अण्णासाहेब पाटील यांनी त्यांना संघटित केलं आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रानं माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी वेगळा कायदा केला. त्यातली युक्ती साधी होती. मालक ठरलेला नाही ना, मग मध्ये एक मंडळ ठेवा. कामगारांची नोंदणी मंडळाकडे, मालकांचीही मंडळाकडे. मालकानं मजुरी आणि वर ठरावीक लेव्ही मंडळात भरायची. मंडळ कामगाराला पगार देणार आणि त्या लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे भागवणार.

म्हणजे 'एकच मालक नसेल तर काहीच देता येत नाही' हे उत्तर महाराष्ट्रानं पन्नास वर्षांपूर्वीच खोडून काढलं होतं. हे आठवायचं कारण पुढच्या शब्दात आहे.

'पार्टनर' म्हणजे नेमका कोण?

जेवण आणून देणारा, टॅक्सी चालवणारा, घरी येऊन एसी दुरुस्त करणारा, हे सगळे ॲपच्या भाषेत 'पार्टनर'. मराठीत पार्टनर म्हणजे भागीदार. भागीदाराला नफ्यात वाटा असतो, दर ठरवताना त्याला विचारतात. इथे दर ॲप ठरवतं आणि रेटिंग घसरलं की आयडी बंद.

ब्रिटनमध्ये उबरच्या ड्रायव्हरांनी हाच प्रश्न न्यायालयात नेला. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की करारात काहीही लिहिलेलं असो, कंपनीचं प्रत्यक्षातलं नियंत्रण पाहता हे ड्रायव्हर 'वर्कर' आहेत. त्यामुळे त्यांना किमान वेतन आणि भरपगारी सुट्टीचा हक्क मिळाला. तिथे कर्मचारी आणि स्वतंत्र व्यावसायिक यांच्या मध्ये 'वर्कर' अशी तिसरी पायरी आहे, तिचा त्यांना फायदा झाला.

भारतात सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये 'गिग कामगार' आणि 'प्लॅटफॉर्म कामगार' हे शब्द केंद्रीय कायद्यात पहिल्यांदा आले. व्याख्येचा गाभा असा: पारंपरिक मालक-कर्मचारी नात्याच्या बाहेर राहून काम करून कमावणारा. कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची, मात्र ती गिग कामगारांना दिल्या जाणाऱ्या रकमेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल. २०२३ मध्ये राजस्थाननं गिग कामगारांसाठी देशातला पहिला राज्य कायदा केला.

आता व्याख्या पुन्हा वाचा. 'नात्याच्या बाहेर'. म्हणजे नाव मिळालं, नोंद झाली, विम्यासारख्या योजनांचा रस्ता उघडला. पण औद्योगिक संबंध संहितेतल्या 'कामगारा'चं संरक्षण त्यातून आपोआप मिळत नाही. माथाडीसारखंच इथेही मध्ये एक मंडळ आणि एक निधी आहे, फक्त पगार त्यातून जात नाही.

शिकाऊ उमेदवार आणि इंटर्न

१९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा स्पष्ट सांगतो, की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. म्हणून त्याला मिळतं ते विद्यावेतन, आणि कामगार कायदे त्याला सहसा लागू होत नाहीत. इंटर्नची अवस्था त्याहून पातळ. शिकाऊ उमेदवाराचा निदान नोंदवलेला करार असतो, इंटर्नकडे बऱ्याचदा एक ईमेल असतो. माझ्या बॅचमधल्या कितीतरी जणांनी 'एक्सपोजर' नावाच्या चलनात पगार घेतलाय.

एक कायदा असा, जिथे नावाला महत्त्वच नाही

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मुद्दाम वाचण्यासारखा आहे. 'कर्मचारी' कोण, तर नियमित, तात्पुरती, रोजंदारीवरची, ठेकेदारामार्फत आलेली, पैसे घेऊन किंवा न घेता काम करणारी, स्वयंसेवक, प्रोबेशनवरची, प्रशिक्षणार्थी, शिकाऊ, किंवा अशा दुसऱ्या कुठल्याही नावानं ओळखली जाणारी व्यक्ती. म्हणजे पळवाट काढायला शब्दच शिल्लक ठेवलेला नाही.

यामागे कारण आहे. या कायद्याचं मूळ १९९७ च्या विशाखा निकालात आहे, आणि तो खटला उभा राहिला राजस्थानातल्या एका 'साथिन'मुळे. सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात गावात काम करणाऱ्या बाईला तिथे साथिन म्हणत. ना ऑफिस, ना पगारपत्रक. बालविवाह रोखण्याचं काम केलं म्हणून तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. तिला कर्मचारी म्हणायचं की नाही या वादात कायदा अडकला असता, तर ज्या बाईमुळे तो आला तिच्यासारख्याच बायका त्यातून सुटल्या असत्या.

म्हणजे सगळ्यांना सामावून घेणारी व्याख्या लिहिता येते. ती कुठे लिहायची आणि कुठे नाही, हा निवडीचा प्रश्न आहे.

मग तुम्ही कोण? पत्र उघडा आणि हे तपासा

• तुमच्या पैशांना काय म्हटलंय? वेतन, मानधन, विद्यावेतन की शुल्क? टीडीएस कुठल्या नावाखाली कापला जातो?

• पत्र कुणाच्या नावाचं आहे? ज्या कंपनीत बसता तिचं, की मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचं? दुसरं असेल तर दोन्ही नावं लिहून ठेवा.

• वेळ, जागा आणि कामाची पद्धत कोण ठरवतं? दुसरीकडे काम करायची मोकळीक आहे का? सगळं संस्थाच ठरवत असेल, तर 'रिटेनर' किंवा 'कन्सल्टंट' हे नाव वादात टिकेलच असं नाही.

• 'मॅनेजर' असाल तर कुणाची रजा मंजूर करता? कुणाला कामावर घेण्याचा किंवा काढण्याचा अधिकार आहे का? नसेल, तर पदाचं नाव हा शेवटचा शब्द नाही.

• मुदतीच्या करारावर असाल तर लक्षात घ्या, नव्या संहितेनुसार अशा कर्मचाऱ्यांना ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं थांबायची गरज नाही. एक वर्ष पूर्ण झालं की ती कामाच्या काळाच्या प्रमाणात मिळू शकते.

• हजेरीचे मेसेज, ड्यूटीचं वेळापत्रक, रजेचे ईमेल, बँकेतल्या नोंदी जपून ठेवा. प्रत्यक्ष काम काय होतं हे उद्या सिद्ध करायची वेळ आली, तर हाच पुरावा असतो.

माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. वर्षभरानं मी ते काम सोडलं, आणि जाताना अनुभवाचं पत्र मागितलं तर त्यातही 'आमच्यासोबत जोडलेल्या होत्या' असं मोघम वाक्य आलं. नंतर कळलं, की पत्रकारांसाठी 'श्रमिक पत्रकार' हा शब्द १९५५ पासून कायद्यात आहे. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी भांडू शकले असते, तिला नाव आधीपासूनच होतं. तो कायदा वर्तमानपत्रांपुरता होता, पण व्यवसायविषयक सुरक्षा आणि आरोग्य संहितेत आता श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत डिजिटल माध्यमही आलंय.

सध्या जिथे काम करते तिथल्या पत्रात 'कर्मचारी' असा शब्द आहे. सही करण्याआधी तो मी दोनदा वाचला. घरी आईनं विचारलं, "पगार किती?" मी आधी सांगितलं, "आई, पगारच आहे."